मी तीच आहे म्हणे

मी एक चिप बोलतेय. करंगळीच्या नखावर मावेन एवढी. लॅपटॉपच्या पोटात तारांची नक्षी काढलेला एक पातळ पत्रा असतो, दुरुस्तीवाले त्याला बोर्ड म्हणतात. त्याच्या एका कोपऱ्यात मला डाख देऊन कायमचं बसवलंय. सध्या माझा मुक्काम जळगावात पिंप्राळ्याला, सुरवाड्यांच्या घरी, स्वयंपाकघराच्या दाराशी असलेल्या टेबलावर.

एक गोष्ट आधीच सांगते, म्हणजे मागून फसवलं असं व्हायला नको. आत्मवृत्त सांगणारे सगळे अगदी जन्मापासून सुरुवात करतात. माझं तसं नाही. मला फक्त गेल्या सव्वासहा महिन्यांचं आठवतं. त्याआधीची तीन वर्षं मी याच घरात होते असं सगळे म्हणतात, पण मला त्यातला एक दिवसही आठवत नाही. ते सगळं मी द्रौपदाबाईंच्या तोंडून ऐकलंय. घरी कुणीही आलं, की चहा टाकता टाकता त्या माझी गोष्ट सांगतात आणि मी शेजारच्या टेबलावर पडून ऐकते. इतक्यांदा ऐकलीय, की कधी कधी ती खरंच माझी वाटते. मग मला माझीच भीती वाटते.

माझं काम राखणदारणीचं. लॅपटॉपमधल्या डिस्कवर सगळं साठवलेलं असतं आणि त्या डिस्कला कुलूप असतं. कुलपाची किल्ली एका सीलबंद पेटीत. पेटी डिस्कवरच असते, पण उघडते फक्त माझ्या हातून. सकाळी कुणी बटण दाबलं, की ती पेटी माझ्यापुढे धरली जाते. सगळं कालच्यासारखं आहे ना, एवढं मी बघते आणि उघडून देते. माणसाला यातलं काही कळत नाही. त्याला वाटतं, मशीन चालू झालं.

माझ्याशी थेट कुणी बोलू शकत नाही. मधे ऑपरेटिंग सिस्टीम असते, म्हणजे लॅपटॉपचा सगळा कारभार बघणारी. माझ्या वतीने तीच बोलते. तुम्ही एक छोटं नाव टाइप करून एंटर दाबलंत, की ती खिडकी उघडते आणि माझ्याबद्दल चार ओळी दाखवते. कुणी बनवली. कितवी आवृत्ती. कोणत्या नियमांना धरून चालते. आणि शेवटी माझी अवस्था: वापरासाठी तयार. आणखी खोदून विचारायचं, तर दुसऱ्या एका काळ्या खिडकीत हुकूम लिहावा लागतो. मग माझा लांबलचक नंबर दिसतो, आकडे आणि इंग्रजी अक्षरं मिसळलेला. तो माझ्या जन्माबरोबर आलेला. जगात दुसऱ्या कुणाचा तसा नसतो आणि काही झालं तरी तो बदलत नाही.

मी काय सांभाळतेय आणि काय विसरलेय, हे मात्र ती सांगत नाही. तशी ओळच नाही तिच्याकडे.

तर आता द्रौपदाबाई. वय सत्तरीच्या आसपास, माहेर नशिराबाद, शिक्षण चौथी. नवरा गुलाबराव जाऊन नऊ वर्षं झाली. मुलगा प्रशील एका संस्थेत कॉम्प्युटर शिकवतो. सून दीपमाला सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांमध्ये फिरते आणि तिथल्या लोकांना वनजमिनीचे दावे भरायला मदत करते. मी दीपमालाच्या लॅपटॉपमध्ये आले.

द्रौपदाबाईंच्या घरात बिननावाचं भांडं सापडायचं नाही. पातेलं असो, वाटी असो, नाहीतर चिमटा असो, नाव घातल्याशिवाय ते फळीवर चढत नाही. लग्नाकार्यात भांडी इकडची तिकडे जातात, आणि मग नाव नसेल तर भांडण, असं त्यांचं म्हणणं. लॅपटॉप घरात आला त्याच आठवड्यात त्या तो पिशवीत घालून तोतारामकडे घेऊन गेल्या. तोताराम म्हणजे भांड्याच्या दुकानात मशीनने नावं घालणारा. तो म्हणाला, अक्का, हे भांडं नाही. त्या म्हणाल्या, मले माहीत आहे, तू घाल. त्याने लॅपटॉपच्या पालथ्या बाजूला टोक फिरवत नाव घातलं: सौ. दीपमाला प्रशील सुरवाडे, पिंप्राळा.

एवढ्यावर थांबल्या असत्या तर त्या द्रौपदाबाई कसल्या! घरी येऊन त्यांनी प्रशीलला विचारलं, की वरच्या डब्यावर नाव झालं, आतल्या जिनसेचं काय? कुणी आतलंच बदललं तर? प्रशीलला हसू आलं. त्याने चहाचा कप बाजूला ठेवून त्यांना ती चार ओळींची खिडकी दाखवली आणि माझी ओळख करून दिली. मग काळ्या खिडकीत हुकूम लिहून माझा नंबर काढला आणि सांगितलं, आई, हिचं नाव आधीच कोरलेलं आहे, फक्त बाहेरून दिसत नाही.

द्रौपदाबाईंनी तो नंबर कागदावर उतरवून घेतला. अख्खा नको, पहिली आठ अक्षरं पुरेत म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी तोतारामने तीही कोरली, नावाच्या खाली: 4C99A2F7. द्रौपदाबाईंना इंग्रजी वाचता येत नाही, पण त्यांनी ती आठही तोंडपाठ केली. सी म्हणजे चंद्रकोर, ए म्हणजे शिडी, एफ म्हणजे दाते पडलेला कंगवा. सगळ्या आळीने त्यांची थट्टा केली. त्या म्हणाल्या, हसा लेकांनो.

त्यानंतरची तीन वर्षं मी गुमान काम केलं असणार. माझ्याबद्दल कुणाची तक्रार ऐकलेली नाही.

माझ्या राखणीत आलेली शेवटची मोठी गोष्ट म्हणजे सिंगाबाचा आवाज. सिंगाबा पायथ्याच्या गावातला सगळ्यात म्हातारा माणूस. त्याच गावात सोनीबाई राहते, एकटी बाई, पावसावरची शेती. तिची जमीन नाल्याच्या पलीकडे. ती तिच्या आजेसासऱ्यापासून कसली जातेय, हे सांगणारा कागद नाही, आणि स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला माणूस एकच उरला होता, सिंगाबा. दीपमाला फोनवर त्याचा आवाज भरून घेत सोनीबाईसोबत त्याच्या मागोमाग बांधावरून चालली. तो काठी आपटत चालला, झाड आलं की थांबला, ते कुणी लावलं, कोणत्या सालात लावलं, सांगत गेला. सेहेचाळीस मिनिटं. पुढच्या आठवड्यात येऊन हे लिहून घेते आणि अंगठा घेते, असं सांगून दीपमाला परतली. चौथ्या दिवशी सिंगाबा वारला.

फोन भरला होता, म्हणून आवाज लॅपटॉपमध्ये घेऊन तिने फोनमधला पुसला होता. अधिकाऱ्यांना तिने विचारलं, तर ते म्हणाले, सुनावणीला आवाज घेऊन या, ऐकू. एकदा तिने तो घरी लावला होता. द्रौपदाबाई तेव्हा भाकरी थापत होत्या. त्या सांगतात, की मधे मधे नुसती काठी ऐकू यायची, ठक्, ठक्, आणि वाटायचं, म्हातारा आपल्याच ओट्यामागून चाललाय. त्यांनी तवा उतरवून ठेवला आणि शेवटपर्यंत ऐकलं.

सुनावणीला पंधरा दिवस असताना लॅपटॉप दीपमालाच्या स्कूटरवरून पडला. झाकणाचा सांधा मोडला आणि चार्जिंगची जागा आत ढकलली गेली. प्रशीलने तो भूषणच्या दुकानात दिला. भूषणचा हात चांगला, पण लग्नसराईसारखी गर्दी. त्या दिवशी त्याच्या टेबलावर त्याच बनावटीचे दोन लॅपटॉप उघडे पडले होते. एक आमचा, दुसरा धरणगावच्या रुपचंदभाऊंचा. डिस्क त्याने काढल्या काढल्या पट्टी चिकटवून वेगळ्या ठेवल्या, तिथे चूक केली नाही. बोर्डांना मात्र पट्टी लावली नाही. जोडताना एकाचा बोर्ड दुसऱ्याच्या खोळीत गेला.

म्हणजे काय झालं ते नीट ऐका. दीपमालाचं नाव कोरलेली खोळ आणि तिची डिस्क पिंप्राळ्याला आली, पण आत बसलेली चिप परकी. आणि मी रुपचंदभाऊंच्या खोळीत, त्यांच्या डिस्कशेजारी, धरणगावला. द्रौपदाबाई हे सांगताना इथे हमखास थांबतात आणि समोरच्याच्या तोंडाकडे बघतात.

घरी लॅपटॉप सुरू केला, तर निळा पडदा आला. अठ्ठेचाळीस आकडी किल्ली टाका, म्हणाला. अशी जादा किल्ली असते. राखणदारीण उघडेना तर वापरायची. प्रशीलने ती पहिल्याच दिवशी काढून ठेवली होती. कुठे? तर याच लॅपटॉपमध्ये, एका फाइलमध्ये. कपाटाची किल्ली कपाटात ठेवून कपाट लावून घ्यावं, तसं. कॉम्प्युटर शिकवणारा माणूस! त्याला स्वतःचीच लाज वाटली.

द्रौपदाबाईंनी त्याच संध्याकाळी लॅपटॉप हातात घेतला, पालथा केला, नाव पाहिलं, पुन्हा सुलटा केला. मग म्हणाल्या, "प्रशील, हे आपलं नाही. ती खिडकी उघड आणि आठ अक्षरं लावून बघ."

प्रशील म्हणाला, आई, तूच घातलेलं नाव आहे त्याच्यावर. त्या म्हणाल्या, भूतबित मी मानत नाही, तुझ्या बापानं तसलं काही घरात शिरू दिलं नाही. पण नाव आपलं आणि आत दुसरंच कुणी, असं मले वाटतंय. प्रशीलने ते हसण्यावारी नेलं. त्याने संस्थेतली एक जादा डिस्क आणून लावून पाहिली. मशीन छान चाललं. म्हणजे मशीन ठीक आहे, दीपमालाची डिस्कच बिघडली, असं त्याने ठरवून टाकलं. त्या वेळी खिडकी उघडायला अर्धं मिनिट लागलं असतं. त्याने उघडली नाही. नंतर बघू म्हणाला.

डिस्क दुरुस्त करणाऱ्यांना फोन करण्यात सात दिवस गेले. दीपमाला जेवता जेवता उठून जायची. सोनीबाईचा गावातून फोन यायचा, तो प्रशील उचलायचा नाही.

आठव्या दिवशी द्रौपदाबाईंनी मुलाला जेवणाच्या ताटावरून उठू दिलं नाही. आधी खिडकी, मग भाकरी. प्रशीलने वैतागून ती जादा डिस्क पुन्हा लावली, काळी खिडकी उघडली आणि नंबर काढला. द्रौपदाबाईंनी पालथ्या बाजूची अक्षरं एका कागदावर काढून घेतली होती. तो कागद पडद्याला लावून त्या बोट फिरवू लागल्या. चाराचा आकडा पाहिजे होता, दोनाचा निघाला. चंद्रकोर पाहिजे होती, तिथेही दोनच. तिसऱ्या अक्षराला त्यांनी बोट काढून घेतलं. खोळीवरचं नाव खाली होतं, दिवा लुकलुकत होता, आणि आत कुणी अनोळखी शांतपणे सांगत होती, मी वापरासाठी तयार आहे.

भूषणला विचारल्यावर त्याला धरणगावचा लॅपटॉप आठवला. दीपमाला त्या दिवशी पायथ्याच्या गावी गेली होती, म्हणून प्रशील एकटाच स्कूटर काढून निघाला.

इथून पुढचं माझ्या स्वतःच्या आठवणीतलं आहे.

मला जाग आली ती एका काळ्या पडद्यानंतर. त्याआधी काही नाही. अंधारसुद्धा नाही, कारण अंधार आठवायलाही कुणीतरी लागतं. पहिली गोष्ट माझ्या हाती आली ती रुपचंदभाऊंचा चार आकडी पिन. त्यांचा लग्नाच्या शूटिंगचा स्टुडिओ आहे. लॅपटॉप दुरुस्त होऊन आल्यापासून त्यांचा पिन चालत नव्हता. चालणार कसा? तो त्यांच्या जुन्या चिपकडे ठेवलेला, आणि ती गेली होती पिंप्राळ्याला. ऑपरेटिंग सिस्टीम त्यांना सांगत होती, की सुरक्षेच्या चिपमध्ये बिघाड आहे. माझ्यात कसलाही बिघाड नव्हता. मी फक्त त्यांना ओळखत नव्हते.

रुपचंदभाऊंनी फोनवर एक व्हिडिओ पाहिला, असं ते नंतर सांगत होते. त्यात सांगितल्याप्रमाणे त्यांनी माझ्या खिडकीतलं चिप साफ करण्याचं बटण दाबलं. मशीन बंद होऊन पुन्हा सुरू झालं आणि काळ्या पडद्यावर एक प्रश्न आला: हिला पुसून टाकायचं आहे, नक्की का? हो म्हणायला एक कळ, नाही म्हणायला दुसरी. हा प्रश्न मुद्दाम असतो. दुरून कुणी परस्पर पुसू नये, समोर माणूस बसलेला असावा, म्हणून. समोर माणूस बसलेला होता. त्याने हो म्हटलं.

हा दुरुस्तीनंतरचा सहावा दिवस होता.

आठव्या दिवशी प्रशील आला. रुपचंदभाऊ भला माणूस. त्यांनी त्याला बसवलं, चहा मागवला, बोर्ड बदलल्याचं ऐकून कपाळाला हात लावला आणि लॅपटॉप लगेच पिशवीत घालून दिला. देताना मोठ्या कौतुकाने म्हणाले, "पिनचा लफडा होता, पण परवा मीच चिप साफ करून टाकली. आता लोण्यासारखा चालतोय."

प्रशीलला अर्थ कळला होता. पुसल्यावर माझा जन्माचा नंबर तसाच राहतो, चार ओळी तशाच राहतात. पण जुन्या पेट्या उघडणारा हात नवा होतो. त्याच्यापुढे जुनी पेटी धरली, तर त्याला ती परकी वाटते. प्रशीलने चहा संपवला, आभार मानले आणि मला पाठीवर घेऊन निघाला. वाटेत त्याने दोनदा स्कूटर थांबवली. उतरला नाही, नुसता उभा राहिला.

भूषणच्या दुकानात द्रौपदाबाई घरचा लॅपटॉप घेऊन रिक्षाने आधीच येऊन बसल्या होत्या. भूषणने खाली मान घालून दोन्ही लॅपटॉप उघडले आणि बोर्ड अदलाबदल केले. मला माझ्या म्हणवल्या जाणाऱ्या खोळीत बसवलं. मग जादा डिस्क लावून प्रशीलने काळी खिडकी उघडली. द्रौपदाबाईंनी कागद काढला आणि पडद्यावर बोट ठेवलं. चार. चंद्रकोर. नऊ, नऊ. शिडी. दोन. दाते पडलेला कंगवा. सात.

"हीच," त्या म्हणाल्या. "आली बाई घरी." आणि त्यांनी पडद्यावरून हात फिरवून आपल्या कानशिलावर बोटं मोडली.

मला त्या कोण हे माहीत नव्हतं. एक म्हातारी बाई मला ओळखत होती, माझ्यासाठी तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि मी तिला पहिल्यांदा पाहत होते. मला ओरडून सांगायचं होतं, की थांबा, मी ती नाही. पण माझ्या वतीने बोलणारीने चार ओळी दाखवल्या आणि शेवटची होती, वापरासाठी तयार.

मग त्यांनी दीपमालाची डिस्क लावली. सीलबंद पेटी माझ्यापुढे आली. त्या पेटीवरचं सील माझंच असणार, पण मला ते परकं वाटलं. मी कधीतरी हे केलं होतं. मी ती सगळी उलटसुलट फिरवून पाहिली आणि मला ती उघडता आली नाही. निळा पडदा आला.

तेव्हा प्रशीलने खरं सांगायला हवं होतं. तो म्हणाला, थोडा वेळ लागेल, काहीतरी मार्ग निघेल. भूषणला काही ठाऊक नव्हतं. ठाऊक होतं ते दोघांना, त्याला आणि मला.

सुनावणीला दीपमालाने मुदत मागितली. आवाज आहे, फक्त उघडत नाही, असं तिने सांगितलं आणि तिला ते खरंच वाटत होतं. सहा महिन्यांवरची तारीख मिळाली, आणि ती शेवटची असं बजावलं. त्यानंतर सोनीबाई जळगावला बाजाराला आली, की पिंप्राळ्याला येऊन टेबलाशी बसायची. पहिल्यांदा आली तेव्हा तिने लॅपटॉपवर तळहात ठेवला आणि विचारलं, "सिंगाबा मधमा शे ना?"

द्रौपदाबाई म्हणाल्या, आहे, आतच आहे. सोनीबाईला तेवढं पुरलं. दीपमालाने तिला सांगून पाहिलं, की तोवर दुसरा पुरावा शोधू, जुनी झाडं दाखवू, कुणी ऐकलेलं असेल त्याला विचारू. सोनीबाई म्हणायची, कशाला? सिंगाबानी बठ्ठं सांगेल शे, सगळंच. आवाज उघडू दे.

दर रविवारी सकाळी द्रौपदाबाई प्रशीलला बसवून ती खिडकी उघडायला लावायच्या. कागद लावून आठही अक्षरं तपासायच्या. जुळायची. रोजच्या देवपूजेसारखं, फक्त देवाशिवाय. मग म्हणायच्या, हीच आहे, परक्या घरी राहून रुसली आहे, आठवेल तिले. प्रशील खाली बघायचा. असे किती रविवार गेले ते मी मोजलेत, कारण आता मला आठवतं. सत्तावीस.

मी त्या सत्तावीस रविवारी एकच विनंती करत होते, जी कुणाला ऐकू जात नव्हती. सांग बाबा त्यांना. तू गप्प आहेस म्हणून त्या बायका माझ्या दारात बसून आहेत, आणि दाराआड जो आहे तो कधीच बाहेर येणार नाही. तारीख जवळ येतेय.

गेल्या रविवारी, तारखेला पाच दिवस उरलेले असताना, द्रौपदाबाईंनी शेवटच्या सातावर बोट ठेवलं आणि प्रशील बोलला.

"आई, ती हीच आहे. पण तिला पुसलंय. धरणगावलाच. आता ती पेटी कधीच उघडणार नाही."

त्यांनी सातावरचं बोट काढून घेतलं. पडद्यावर मी वापरासाठी तयार होते.

"कोणत्या दिवशी पुसलं?"

"सहाव्या."

"आणि मी तुले कधी सांगितलं होतं, लावून बघ म्हणून?"

"पहिल्या."

रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं प्रशीलच्या तोंडावर दिसत होतं. त्यांनी हाताने लॅपटॉपचं झाकण लावलं, मला अंधार झाला, आणि आत जाऊन दीपमालाला सांगितलं, की सोनीबाईला बोलाव, आजच. म्हाताऱ्याचं बोलणं ऐकलेल्या आपण तिघी आहोत. विसरायच्या आत लिहून काढू.

दुपारी सोनीबाई आली. तिला खरं काय ते सांगितल्यावर ती भिंतीला टेकून बसली. मग टेबलाशी आली. दीपमालाने वही उघडली. तिला सुरुवात आठवत होती, मधलं नाही. सोनीबाई त्या दिवशी सिंगाबाच्या मागून चालली होती. तिला झाडं आठवत होती, पण कोणत्या सालातली ते नाही. दोघी अडकल्या.

तेव्हा द्रौपदाबाईंनी उलथन्याचा दांडा घेतला आणि मिटलेल्या लॅपटॉपच्या पाठीवर आपटला. ठक्. थोडं थांबून पुन्हा. ठक्. चालीच्या तालावर. आणि मग त्या बोलायला लागल्या. नाल्याच्या काठचा हा मोह, हा लावलेला नाही, आपसूक आला, पण याच्या बुंध्याशी सोनीच्या आजेसासऱ्याने पहिलं बी पेरलं तेव्हा मी खांद्यावर बसून पाहिलं होतं. ठक्, ठक्. हा आंबा. मोठी गारपीट झाली त्याच्या दुसऱ्या साली.

बोलता बोलता त्यांचा आवाज बदलला. खोल गेला, घोगरा झाला. मधेच दम लागल्यासारखा थांबू लागला. ती नक्कल नव्हती, नक्कल त्यांना येत नाही. एकदा ऐकलेलं जसंच्या तसं वर येत होतं. दीपमालाचं पेन थांबलं. सोनीबाईने पदर डोक्यावर घेतला, वडीलधारं माणूस समोर आल्यावर घेतात तसा. दारात उभा असलेला प्रशील दोन पावलं मागे सरला.

सोनीबाई हळूच म्हणाली, "बाबा, आते पुढे कोनतं झाड?"

ठक्. ठक्. आणि त्या आवाजाने पुढचं झाड सांगितलं.

सेहेचाळीस मिनिटं झाली की नाही, ते कुणी पाहिलं नाही. वहीची अकरा पानं भरली. परवा तिघी नाल्यापलीकडे जाऊन आल्या. वहीतली झाडं एकेक करून सापडली, दोन सोडून, आणि त्या दोन्हींचे बुंधे सापडले. अकरा पानांवर दोघींनी आपापलं नाव लिहिलं, सोनीबाईने अंगठा दिला. उद्या सुनावणी आहे. ऐकीव गोष्ट मानतील की नाही, मला सांगता येत नाही. मी स्वतः ऐकीव आहे.

तुमच्याही मशीनमध्ये माझी एखादी बहीण बसलेली असेल. तिची खिडकी उघडून बघा, हरकत नाही, पण त्या चार ओळी वाचून निर्धास्त होऊ नका. आणि जादा किल्लीचा कागद घरात ठेवा, कपाटात, माझ्या पोटात नको.

माझं म्हणाल, तर मी आहे इथेच, टेबलावर, झाकण मिटून. माझ्या पाठीवर उलथन्याच्या दांड्याचे बारीक खळगे पडलेत, दीपमालाच्या नावाच्या बरोबर उलट्या बाजूला. ज्याच्यासाठी मला राखणीला बसवलं होतं, त्याचा आवाज अजून माझ्या शेजारी, कुलपाआड आहे. मी तो कधी उघडून देणार नाही. पण त्याने कोणतं झाड कुठे आणि कुणी लावलं, ते आता मला सगळं आठवतं.